हिंजवडीहून अमेरिका किती लांब?

पुणे आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातले हवाई अंतर विचारले, तर संगणक क्षणात उत्तर देतो: सुमारे १३,५४० किलोमीटर. आकडा बरोबर आहे आणि जवळजवळ निरुपयोगीही. मुळशी तालुक्यात तर हा प्रश्न रोजचाच झाला आहे. ज्याला सगळे जग पुण्याचे आयटी पार्क म्हणते ते हिंजवडी आणि त्याला लागून असलेली माण, मारुंजी ही गावे महसुली दप्तरात मुळशीचीच आहेत. ऑनसाइटला निघालेला अभियंता, लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा मुक्काम ठरवून निघालेले आईवडील, सुट्टीत नातवंडांना घेऊन येणारी माणसे, या सगळ्यांच्या हिशेबात किलोमीटर कुठेच नसतात. त्यांना हव्या असतात त्या वेळा: घरून किती वाजता निघायचे, विमान कुठे बदलायचे, पोहोचल्यावर किती शीण उरणार. नकाशावरचे अंतर आणि माणसाला पडणारे अंतर यांत एवढी तफावत का, आणि ती नेमकी कुठे पडते, हे तपासून पाहिले तर एक गंमत दिसते. दोन शहरांमधले अंतर मधल्या तेरा हजार किलोमीटरमध्ये जितके ठरते, त्याहून मुळशीच्या माणसासाठी ते पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवर आणि खंडाळ्याच्या घाटात जास्त ठरते. माझा सगळा युक्तिवाद एवढाच आहे. मात्र तो पटवायचा तर सुरुवात पृथ्वीच्या गोलापासून करायला हवी.

भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवून पुण्याहून कॅलिफोर्नियाकडे रेघ ओढली, तर ती अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून पश्चिमेकडे जाते. गोलावर दोरा ताणून धरला तर तो सरळ उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून, निघतो. दिल्ली, हिमाचल, तिबेटचे पश्चिम टोक, शिनजियांगचे वाळवंट, अल्ताईचे डोंगर, सायबेरिया, मग पंचाहत्तर अंशांच्याही वर आर्क्टिक महासागर, आणि तिथून उतरत अलास्का व कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याने थेट सॅन फ्रान्सिस्को. हाच सर्वांत जवळचा मार्ग. यातली सर्वांत मजेची गोष्ट दिल्लीची आहे. पुणे ते दिल्ली साधारण १,१५७ किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३८०, बेरीज १३,५३७. म्हणजे दिल्ली या दोऱ्यावरच बसली आहे. ‘दिल्लीवरून जायचे म्हणजे वळसा’ असे पुण्यात सहज म्हटले जाते. भूमितीच्या हिशेबाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी तो वळसा शून्य आहे. खरा वळसा दुबईचा. पुणे ते दुबई २,०५० आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को १३,०४० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेपेक्षा दीड हजार किलोमीटर जास्त. फ्रँकफर्टमार्गे गेल्यास हा वाढावा सव्वादोन हजारांच्या पुढे जातो. तरीही माणसे दुबईवरून जातात, फ्रँकफर्टवरून जातात, आणि ती भोळी आहेत म्हणून नव्हे.

याचे पहिले कारण असे की या दोऱ्यावरून विमान जातच नाही. हिमालय आणि तिबेटच्या वरून जाणे वैमानिकाला नकोसे असते. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमान काही मिनिटांत दहा हजार फुटांवर आणावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावर सुटणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. तिबेटच्या पठाराची जमीनच त्याहून उंच, तर उतरायचे कुठे? म्हणून दोऱ्याचा हा तुकडा कागदावरच राहतो आणि विमान पर्वतरांगेला बगल देते. उत्तरेकडचा पुढचा तुकडा रशियाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना ते आकाश बंद झाले. एअर इंडियाला ते खुले राहिले. त्यामुळे त्याच दोन शहरांमधले अंतर विमानाच्या शेपटीवर कोणाचे चिन्ह आहे यावर अवलंबून राहू लागले. खुल्या आकाशाचीही किंमत असते, हे जून २०२३ मध्ये दिसले. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान इथे उतरले आणि प्रवाशांना पुढे नेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले.

त्यातही पाकिस्तानचे आकाश म्हणजे आपल्याला सर्वांत जवळचे आणि सर्वांत बेभरवशाचे. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ असे जवळपास पाच महिने ते बंद होते. इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला इंधन भरायला दोहाला थांबावे लागत होते, आणि एकट्या एअर इंडियाचा या काळातला तोटा ४९१ कोटी रुपये असल्याचे सरकारने संसदेत सांगितले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी ते पुन्हा बंद झाले. उत्तर अमेरिकेकडे जाणारी एअर इंडियाची काही विमाने व्हिएन्ना आणि कोपनहेगन इथे इंधनासाठी थांबू लागली, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवताना कंपनीने दिलेल्या कारणांत विमानांची कमतरता होती तशी ही आकाशबंदीही होती. दिल्ली आणि वॉशिंग्टन आपापल्या जागी होती तिथेच होती. अंतर मात्र वाढले, आणि इतके की सेवाच परवडेनाशी झाली.

वारा तर सीमांनाही जुमानत नाही. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे झोत विमानाला पाठीमागून मिळाले तर वेळ वाचतो, समोरून आले तर इंधन जळते. याचे भारतातले सर्वांत बोलके उदाहरण ऑक्टोबर २०१६ चे आहे. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० किलोमीटरवर गेला, म्हणजे तब्बल चौदाशे किलोमीटरने वाढला, आणि प्रवासाचा वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. विमानाला कळते ते हवेतले अंतर, जमिनीवरचे नव्हे. हवाच पुढे सरकत असेल तर लांबचा रस्ता आखूड पडतो. मुंबई–लंडन मार्गावर जाताना आणि परतताना वेळापत्रकात फरक दिसतो तोही यामुळेच.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. वारा, युद्ध, डोंगर या सगळ्या अडचणी झाल्या; अंतर नाही. अंतर ते अंतरच, बाकी सगळा उशीर, असे म्हणता येईल. शिवाय गोलावरची रेषा ही एकच गोष्ट अशी आहे की जी कोणाच्या मर्जीवर चालत नाही, म्हणून माप म्हणून तीच घेतली पाहिजे. यातला दुसरा भाग मला मान्य आहे. युरोपीय संघात विमान रद्द झाल्यास प्रवाशाला मिळणारी भरपाई, २५० ते ६०० युरो, याच रेषेवर ठरते. कायद्यातच तसे लिहिले आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, कार्बनचा हिशेब करताना हीच रेषा घेते, पण तिच्यात वळशांसाठी ५० ते १२५ किलोमीटरची भर घालते. म्हणजे मापाचा ठेका ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही ते माप थोडे तोकडे पडते हे ठाऊक आहे. आपल्याकडचे नियामक तर मुळात वेगळी पट्टी वापरतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात रद्द विमानाची कमाल भरपाई ५,००० की ७,५०० की १०,००० रुपये, हे उड्डाणाच्या तासांवर ठरते. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने भाड्याला मर्यादा घातली तीही मिनिटांच्या टप्प्यांनी; आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमाने मोठ्या संख्येने रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा त्याच मंत्रालयाने मर्यादा किलोमीटरच्या टप्प्यांनी घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, दीड हजाराच्या पुढे १८,०००. एकाच सरकारने साडेपाच वर्षांत दोन पट्ट्या वापरल्या आणि दोन्ही वेळा कोणाला त्यात वावगे वाटले नाही. आक्षेपाचा पहिला भाग म्हणूनच टिकत नाही. वाट पाहण्यात, इंधनात आणि पैशात जे मोजले जाते त्याला निव्वळ उशीर म्हणून बाजूला सारले, तर उरलेल्या आकड्याचा उपयोग भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेपुरता.

आता लोहगाव. पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, १९३९ मध्ये, ब्रिटिशांनी तो उभारला, आणि सुखोई-३० विमाने भारतात प्रथम दाखल झाली ती १९९७ मध्ये इथेच. धावपट्टी हवाई दलाची, तिच्या कडेला नागरी टर्मिनल. १० मार्च २०२४ रोजी उद्घाटन होऊन जुलैत प्रत्यक्ष सुरू झालेले नवे टर्मिनल प्रशस्त आहे, काच आहे, सरकते जिने आहेत; पण विमान टर्मिनलवरून उडत नाही. धावपट्टी साधारण अडीच किलोमीटरची आहे. लांब पल्ल्याचे मोठे विमान पूर्ण भाराने उडायला समुद्रसपाटीला, बेताच्या तापमानातही, तीन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे आणि समुद्रसपाटीच्या जवळ. लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच. त्यात एप्रिल-मेचा पुणेरी दुपारचा ३८ अंशांचा पारा. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो. वैमानिक याचा हिशेब ठोकताळ्याने करतात: प्रमाण तापमानापेक्षा जास्त असलेल्या दर अंशामागे विमानतळ सुमारे १२० फूट उंच गेला असे धरायचे. ५९२ मीटरवर प्रमाण तापमान ११ अंश. ३८ अंशांच्या दुपारी फरक २७ अंशांचा, म्हणजे सव्वातीन हजार फुटांची भर. एकूण उंची भरते पाच हजार फुटांच्या पुढे, जवळपास १,५८० मीटर. विमानाच्या दृष्टीने लोहगावची धावपट्टी त्या दुपारी महाबळेश्वरहून उंच असते, कळसूबाईच्या माथ्याला टेकायला आलेली. अशा ठिकाणाहून अमेरिकेपर्यंतचे इंधन आणि तीनशे माणसे एकाच वेळी उचलता येत नाहीत. काहीतरी खाली ठेवावे लागते.

हे प्रत्यक्षात करून पाहिले गेले आहे. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे–फ्रँकफर्ट सेवा सुरू केली, चाकण-पिंपरीतल्या जर्मन उद्योगांच्या भरवशावर. अंतर सुमारे ६,६८५ किलोमीटर, म्हणजे अमेरिकेच्या निम्मे. तरी विमान निवडावे लागले ते प्रिव्हॅटएअर या कंपनीने चालवलेले छोटे बोईंग ७३७, कमी आसनांचे, म्हणजेच महाग. ती सेवा आज नाही. यावर कोणी म्हणेल की आता तंत्रज्ञान पुढे गेले आहे, आणि ते खरेही आहे. एअरबसचे ए-३२१ एक्सएलआर हे एकाच मार्गिकेचे विमान कागदोपत्री ८,७०० किलोमीटर जाते. २०२४ च्या अखेरीस ते जगात सेवेत आले आणि इंडिगोनेही त्याची मोठी मागणी नोंदवली आहे. फ्रँकफर्ट त्याच्या पल्ल्यात सहज बसते. पण जाहिरातीतला पल्ला हा अनुकूल हवेतला आणि पुरेशा धावपट्टीवरचा असतो. मेच्या दुपारी तो आकडा लोहगावला लागू होत नाही. पहाटे किंवा रात्री हवा गार असताना उडवले तर चित्र बदलते, आणि इथे प्रश्न धावपट्टीकडून घड्याळाकडे वळतो. हवाई दलाचा सराव, दुरुस्ती, रात्रीची उपलब्धता यांवर नागरी उड्डाणांच्या वेळा अवलंबून. ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर धावपट्टीच्या कामासाठी रात्री आठ ते सकाळी आठ विमानतळ बंद होता, आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ हे दोन आठवडे तर पूर्णच. देशाच्या संरक्षणासाठी बांधलेल्या धावपट्टीने संरक्षणाला आधी जागा द्यावी यात गैर काही नाही. मात्र तिच्या भरवशावर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा फलक लावायचा आणि मग लोकांनी मुंबईची टॅक्सी का धरली याचे नवल करायचे, हे बरे नव्हे.

मुंबईची टॅक्सी हाच मुळशीकरांच्या अमेरिकेचा पहिला टप्पा आहे. हिंजवडी ते मुंबई विमानतळ रस्त्याने साधारण १३५ किलोमीटर, सरळ रेषेत जेमतेम १०७. पूर्ण प्रवासाच्या अंतराचा हा एक टक्का. वेळेचा हिशेब मांडा. विमानातले सोळा तास धरू, विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे धरू, आणि रस्त्यासाठी चार तास. खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा पडला असेल किंवा शुक्रवारची संध्याकाळ असेल तर कोणीही शहाणा माणूस चाराचे सहा करतो. एक टक्का अंतराला वेळेचा सहावा हिस्सा, वाईट दिवशी चौथा. दुबईमार्गे जाणारा प्रवासी दीड हजार किलोमीटरचा वाढावा हसत पत्करतो तो यासाठी: लोहगावहून निघता येत असेल तर घाट टळतो, सामान घरापासून शेवटपर्यंत एकदाच सोपवता येते, आणि आकाशातले दीड हजार किलोमीटर म्हणजे जेमतेम दोन तास. जमिनीवरचा एक किलोमीटर आकाशातल्या कित्येक किलोमीटरइतका महाग पडतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. या निवडीतही जोखीम आहेच. जून २०२५ मध्ये इराण–इस्रायल संघर्षात आखाताचे आकाश बंद झाले तेव्हा दुबई-दोहाच्या वाटेवरच्या प्रवाशांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिले.

जाता जाता: पुण्याच्या पश्चिमेकडून मुंबईकडे काहीतरी वाहून नेण्याची वहिवाट जुनी आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरवून मुंबईला वीज देण्याच्या टाटांच्या योजनेविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. जमिनी गेल्या त्या गेल्याच. आता नवा विमानतळ, वर्तुळाकार रस्ता, द्रुतगती मार्गाचे रुंदीकरण असा कुठलाही उपाय बोलताना आधी कोणाची जमीन हा प्रश्न पुण्याभोवती प्रत्येक वेळी उभा राहतो, आणि तो राहायलाच हवा. पुरंदरच्या नियोजित विमानतळाचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत राहिले ते काही केवळ कागदांमुळे नाही. पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, मुंजवडी अशा सात गावांचा विरोध त्यामागे आहे.

पुरंदर झाले तर प्रश्न सुटेल, असे म्हणणारे बरेच आहेत. पुण्याचा सुटेलही. लांब धावपट्टी, नागरी ताबा, रात्रभर उड्डाणे, हे सगळे मिळाले तर शहराच्या पूर्व आणि दक्षिण भागाला ते वरदान ठरेल. मुळशीच्या बाजूने पाहिले तर हिशेब वेगळा येतो. हिंजवडीपासून लोहगाव सरळ रेषेत १९ किलोमीटर. पुरंदरची जागा चाळीसच्या पुढे, आणि मध्ये अख्खे पुणे. पौडच्या माणसाला तर चांदणी चौक ओलांडून शहराची प्रदक्षिणाच घालावी लागेल. त्याउलट नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. त्याची धावपट्टी ३,७०० मीटर, समुद्रसपाटीच्या जवळ, आणि हिंजवडीकडून द्रुतगती मार्गाने जाताना तो मुंबईच्या कोंडीच्या अलीकडे लागतो. माझ्या मते मुळशीची अमेरिका येत्या दहा वर्षांत पुरंदरने नव्हे, तर उलव्याच्या या विमानतळाने आणि खोपोली–कुसगाव जोडरस्त्याने जवळ येईल. घाटातला सहा किलोमीटरचा फेरा वाचवणारा हा जोडरस्ता दुबईच्या दीड हजार किलोमीटरपेक्षा प्रवाशाला जास्त वेळ परत देईल, कारण तो वेळ भरवशाचा असेल. चाराचे सहा धरायची गरज राहणार नाही.

मग लोहगावकडून मागायचे काय? पुण्यातल्या सभांमध्ये ‘थेट अमेरिका’ ही मागणी टाळ्या घेते. धावपट्टी काहीशे मीटरने वाढली तरीही ३८ अंशांच्या दुपारी १३,५४० किलोमीटरचे विमान इथून उडणार नाही, आणि उडाले तरी कंपनीला ते परवडेल की नाही हे पाकिस्तान, रशिया आणि वारा ठरवतील. मागायला हवे ते याहून साधे आहे. दिल्ली जर त्या दोऱ्यावरच आहे, तर लोहगावहून रात्री उशिरा दिल्लीला जाणारे, तिथल्या पहाटेच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांशी जुळणारे आणि सामान थेट पुढे पाठवणारे विमान हवे. त्यासाठी हवाई दलाकडून मिळायला हव्यात त्या रात्रीच्या ठरावीक वेळा, ऐनवेळी न बदलणाऱ्या. युरोपसाठी छोट्या विमानाचे पहाटेचे उड्डाण हवे, गार हवेत, कमी आसनांचा तोटा किती सोसायचा हे आधी ठरवून. आणि हिंजवडीहून लोहगावपर्यंतचा रस्ता, जो सरळ रेषेत १९ किलोमीटर असूनही संध्याकाळी वाकड-औंधच्या गर्दीत दीड तास खातो, तो या यादीत सर्वांत वर हवा. माण ते शिवाजीनगर मेट्रोची मार्गिका शिवाजीनगरलाच थांबते, लोहगाव तिथून पुढे उरतेच. ती विमानतळापर्यंत कशी न्यायची याची चर्चा अमेरिकेच्या थेट विमानाच्या चर्चेपेक्षा कंटाळवाणी असेल. बॅग ओढत निघालेल्याला मात्र तिचाच उपयोग जास्त होईल.